‘पूर आला की’ : नित्याचे अनुभव सांगणारी इंग्रजी कालवाक्ये

‘पूर आला की आमची वाट बंद होते.’ हे वाक्य गडचिरोली जिल्ह्यातील नदीकाठच्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या जेथे एकत्र येतात त्या भामरागडच्या परिसरात पावसाळा आणि बंद वाट यांची सांगड लहानथोर सर्वांना ठाऊक असते. परंतु हेच वाक्य इंग्रजीत लिहावयास सांगितले, म्हणजे वर्गातील चांगली चांगली मुलेदेखील पुढीलप्रमाणे लिहितात : ‘व्हेन द फ्लड केम, अवर रोड क्लोझेस.’

शिक्षक ‘केम’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतो व त्याजागी ‘कम्स’ असे लिहून देतो. मूल ते उतरून घेते आणि पुढील आठवड्यात तीच चूक पुन्हा करते. येथे मुलाचा निष्काळजीपणा मानण्याचे कारण नाही. त्याने आपल्या मराठी वाक्याचे शब्दशः व प्रामाणिकपणे भाषांतर केलेले असते. मराठीत ‘आला’ हे रूप आहे, ‘आला’ म्हणजे ‘केम’ असे त्यास पूर्वी शिकविलेले आहे, मग ‘केम’ लिहिले यात त्याचे काय चुकले? या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ तयार असेल तरच ती तांबडी रेघ उपयोगी पडते. त्या उत्तराचा विचार येथे करावयाचा आहे.

१. एक ‘आला’, चार अर्थ

पुढील चार मराठी वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहावीत.

(अ) पूर आला की वाट बंद होते.
(आ) पूर आला की वाट बंद होईल.
(इ) पूर आला तेव्हा वाट बंद झाली.
(ई) पूर आला की वाट बंद होत असे.

चारही वाक्यांत ‘पूर आला’ हे शब्द तेच आहेत. तरीही पहिले वाक्य नेहमीची गोष्ट सांगते, दुसरे अजून न घडलेली गोष्ट सांगते, तिसरे एकदाच घडून गेलेली गोष्ट सांगते आणि चौथे पूर्वी वारंवार घडणारी गोष्ट सांगते. हा फरक ‘आला’ या शब्दाने दाखविलेला नाही. तो वाक्याच्या शेवटी आलेल्या ‘होते’, ‘होईल’, ‘झाली’ आणि ‘होत असे’ या क्रियापदांनी दाखविला आहे. मराठीत ‘आला की’, ‘वाजली की’, ‘झाले म्हणजे’ अशा रचनेत पहिले क्रियापद रूपाने भूतकाळी असले तरी अर्थाने केवळ ‘ती क्रिया पुरी झाल्यावर’ एवढेच सांगते. काळाचा निर्णय मुख्य वाक्यातील क्रियापद करते.

इंग्रजी भाषेची व्यवस्था निराळी आहे. तेथे कालवाचक उपवाक्यातील क्रियापदही काळ दाखविते. म्हणून वरील चार वाक्ये इंग्रजीत येणेप्रमाणे होतात.

(अ) व्हेन द फ्लड कम्स, अवर रोड क्लोझेस.
(आ) व्हेन द फ्लड कम्स, अवर रोड विल क्लोझ.
(इ) व्हेन द फ्लड केम, अवर रोड क्लोझ्ड.
(ई) व्हेनेव्हर द फ्लड केम, अवर रोड वुड क्लोझ.

यावरून मुलांना देता येईल असा सोपा नियम निघतो : मराठी वाक्य इंग्रजीत नेताना आधी वाक्याचा शेवट पाहावा. शेवटी ‘होते, जातो, करतात’ असे असेल, तर इंग्रजीत दोन्ही ठिकाणी साधा वर्तमानकाळ घ्यावा. शेवटी ‘होईल, जाऊ, करील’ असे असेल, तर उपवाक्यात साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात ‘विल’ घ्यावे. शेवटी ‘झाली, गेला, केले’ असे असेल, तर दोन्ही ठिकाणी साधा भूतकाळ घ्यावा. आणि शेवटी ‘होत असे, जात असे’ असे असेल, तर उपवाक्यात साधा भूतकाळ घेऊन मुख्य वाक्यात पूर्वीची सवय दाखविणारा शब्द घालावा. ज्या मुलाला मराठी वाक्याचा शेवट पाहण्याची सवय लागली, त्याच्या वहीतील निम्म्याहून अधिक तांबड्या रेघा आपोआप नाहीशा होतील.

२. मराठीचा रीतिकाळ आणि इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ

मराठी व्याकरणात रीतिकाळ म्हणून एक प्रकार मानला आहे. ‘तो जात असतो’ हा रीतिवर्तमानकाळ, ‘तो जात असे’ हा रीतिभूतकाळ आणि ‘तो जात जाईल’ हा रीतिभविष्यकाळ होय. क्रिया एकदा न होता रीतीप्रमाणे, म्हणजे वारंवार, होते असा याचा अर्थ आहे.

इंग्रजीत वर्तमानकाळच्या सवयीसाठी असे वेगळे रूप नाही. तेथे साधा वर्तमानकाळच ते काम करतो. ‘मी रोज शाळेत जात असतो’ या वाक्यातील ‘जात’ हा शब्द पाहून मुले ‘आय ॲम गोइंग टु स्कूल एव्हरी डे’ असे लिहितात. परंतु ‘आय ॲम गोइंग’ याचा अर्थ साधारणतः ‘मी आत्ता जात आहे’ असा होतो. रोजची गोष्ट सांगताना ‘आय गो टु स्कूल एव्हरी डे’ एवढेच पुरेसे असते. मुलांना हे रूप फार तोकडे वाटते, सवयीचा अर्थ त्यात आलाच नाही असे वाटते. इंग्रजीत साधेपणा हीच सवयीची खूण आहे, हे त्यांच्या मनावर ठसविले पाहिजे.

याच ठिकाणी तृतीय पुरुषी एकवचनातील ‘स्’ या प्रत्ययाकडेही लक्ष द्यावे. ‘व्हेन द बेल रिंग्ज, द टीचर कम्स इन’ या वाक्यात दोन्ही क्रियापदांना तो प्रत्यय आहे. मुले पुष्कळदा एका ठिकाणी तो लावतात व दुसऱ्या ठिकाणी विसरतात.

३. ‘व्हेन’ आणि ‘व्हेनेव्हर’

‘व्हेन’ म्हणजे ‘जेव्हा’ आणि ‘व्हेनेव्हर’ म्हणजे ‘जेव्हा जेव्हा’, असे सांगितले की मुलांना ते चटकन समजते, कारण शब्दाची द्विरुक्ती करून वारंवारता दाखविण्याची रीत मराठीत आहेच. तथापि दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘जेव्हा’च्या जोडीला मराठीत ‘तेव्हा’ येतो, परंतु इंग्रजीत ‘व्हेन’च्या जोडीला ‘देन’ घालू नये. ‘व्हेन द बेल रिंग्ज, देन वुई गो होम’ या वाक्यातील ‘देन’ हा मराठीचा पाहुणा आहे. तो काढून टाकावा.

दुसरी गोष्ट अशी की, साध्या वर्तमानकाळात ‘व्हेन’ आणि ‘व्हेनेव्हर’ यांच्या अर्थात फारसे अंतर पडत नाही. ‘व्हेन द मोह फ्लॉवर्स फॉल, वुई गेट अप अर्ली’ असे म्हटले काय किंवा ‘व्हेनेव्हर’ असे म्हटले काय, मोहफुले पडू लागली की घरातील माणसे पहाटे उठतात हाच अर्थ निघतो. भूतकाळात मात्र हे अंतर मोठे होते. ‘व्हेन द रिव्हर रोझ, वुई स्टेड अॅट होम’ हे वाक्य ऐकून नदी एकदा चढली की अनेकदा, हे ऐकणाऱ्यास कळत नाही. ‘व्हेनेव्हर’ घातले की संशय फिटतो.

जी गोष्ट एकदाच घडली तिच्यासाठी ‘व्हेनेव्हर’ मुळीच चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. ही घटना एकदाच घडली. म्हणून ‘व्हेन गडचिरोली बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन १९८२, चंद्रपूर बिकेम स्मॉलर’ असेच म्हटले पाहिजे. या वाक्यात ‘व्हेनेव्हर’ घालून पाहावयास मुलांना सांगावे. जिल्हा पुन्हा पुन्हा निर्माण होतो असा अर्थ निघताच मुले हसतील, आणि जो नियम हसून कळतो तो विसरत नाही.

‘दर वेळी’ या अर्थी ‘एव्हरी टाइम’ हे शब्दही उपवाक्याच्या आरंभी येतात. ‘एव्हरी टाइम आय सी अ स्नेक, आय शाउट’, म्हणजे साप दिसला की दर वेळी मी ओरडतो. येथेही ‘दिसला’ या रूपाने फसू नये.

४. पूर्वीच्या सवयी : ‘युज्ड टु’ आणि ‘वुड’

आजीआजोबांच्या काळच्या गोष्टी मुलांना आवडतात आणि त्या सांगण्यासाठी इंग्रजीत ‘युज्ड टु’ व ‘वुड’ ही दोन साधने आहेत. ‘नदी भरली की आजोबा डोंग्याने पलीकडे जात’ हे वाक्य ‘व्हेनेव्हर द रिव्हर वॉज फुल, ग्रँडफादर वुड क्रॉस इट इन अ बोट’ असे होईल. ‘वुड क्रॉस’ याऐवजी ‘युज्ड टु क्रॉस’ असेही म्हणता येते.

मराठीत ‘आजोबा रानात जात तेव्हा कुऱ्हाड घेऊन जात’ असे दोन्ही बाजूंस रीतिभूतकाळाचे रूप येऊ शकते. म्हणून मुले इंग्रजीतही दोन्ही बाजूंस ‘वुड’ घालतात. इंग्रजीत सवयीची खूण मुख्य वाक्यात एकदाच करावी आणि उपवाक्यात साधा भूतकाळ ठेवावा : ‘व्हेन ग्रँडफादर वेंट टु द फॉरेस्ट, ही वुड टेक अॅन ॲक्स.’

‘वुड’ हे वारंवार होणाऱ्या क्रियेसाठी आहे, टिकून असलेल्या स्थितीसाठी नाही. ‘आमच्या घराजवळ मोहाचे मोठे झाड होते’ ही स्थिती होय. तेथे ‘देअर युज्ड टु बी अ बिग मोह ट्री निअर अवर हाउस’ असे म्हणावे. झाड असणे ही पुन्हा पुन्हा करण्याची क्रिया नव्हे, एवढे सांगितले की पुरे.

आणखी एक सूचना. ‘युज्ड टु’ म्हटले की ती सवय आता राहिली नाही, असा अर्थ सामान्यतः ध्वनित होतो. मूल आजही रोज विहिरीवर जात असेल, तर ‘आय युज्ड टु गो टु द वेल’ असे त्याने लिहिणे चूक ठरेल. वर्तमानकाळच्या सवयीसाठी ‘आय गो’ हेच योग्य होय.

५. अन्य कालवाचक शब्द

‘अंटिल’ : या शब्दाच्या बाबतीत मराठी मुलांची चूक ठरलेली आहे. ‘पाणी उतरत नाही तोपर्यंत आम्ही थांबतो’ या वाक्यात मराठीत ‘नाही’ आहे. मुले ते इंग्रजीत नेतात व ‘अंटिल द वॉटर डझ नॉट गो डाउन, वुई वेट’ असे लिहितात. ‘अंटिल’ या एका शब्दातच तो नकार सामावलेला आहे. म्हणून ‘वुई वेट अंटिल द वॉटर गोज डाउन’ असे लिहावे.

‘ॲज सून ॲज’ : मराठीतील ‘-ताच’ या प्रत्ययाचे काम हे तीन शब्द करतात. ‘पाऊस पडताच शेतकरी पेरणीस लागतात’, म्हणजे ‘ॲज सून ॲज द रेन्स कम, द फार्मर्स बिगिन टु सो.’

‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ : ‘जेवण्यापूर्वी आम्ही हात धुतो’ येथे मराठीत उपवाक्य नाही, एकच शब्द आहे. इंग्रजीत ‘वुई वॉश अवर हँड्स बिफोर वुई ईट’ असे कर्ता व क्रियापद असलेले पूर्ण उपवाक्य करता येते. ‘धान कापून झाल्यावर गावात नाटक होते’ हे वाक्य ‘आफ्टर वुई कट द पॅडी, देअर इज अ प्ले इन अवर व्हिलेज’ असे होईल. धानकापणीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो, त्यामुळे या वाक्यावर मुले उत्साहाने बोलतात.

‘व्हाइल’ : दोन क्रिया बरोबर चालतात तेव्हा मराठीत ‘-ताना’ हा प्रत्यय येतो. ‘तेंदूची पाने तोडताना आई गाणे म्हणते’, म्हणजे ‘मदर सिंग्ज व्हाइल शी पिक्स तेंदू लीव्ह्ज.’ या वाक्यात कालवाचक उपवाक्य शेवटी आले आहे. मराठीत ते बहुधा आरंभी येते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी चालते. आरंभी आल्यास त्यानंतर स्वल्पविराम द्यावा, शेवटी आल्यास सहसा देऊ नये.

६. एका अक्षराचे मोल

हा सर्व खटाटोप केवळ परीक्षेतील गुणांसाठी आहे असे कोणी समजू नये. ‘एकदा झाले’ आणि ‘नेहमी होते’ यांतील भेद सांगता येणे ही जीवनातील मोठी गरज आहे.

एका मुलीच्या वहीत पुढील वाक्य आहे अशी कल्पना करावी : ‘व्हेन इट गेट्स कोल्ड, माय नी हर्ट्स.’ म्हणजे थंडी पडली की माझा गुडघा दुखतो. याऐवजी तिने ‘व्हेन इट गॉट कोल्ड, माय नी हर्ट’ असे लिहिले असते, तर एकदा थंडी पडली आणि गुडघा दुखला, एवढाच अर्थ झाला असता. ‘हर्ट’ हे क्रियापद वर्तमानात आणि भूतकाळात एकच रूप धारण करते. त्यामुळे ‘हर्ट्स’ मधील शेवटच्या एका अक्षरावर येथे सर्व अर्थ तोललेला आहे. एकदा दुखलेला गुडघा पडण्याने किंवा मार लागल्याने दुखला असेल. थंडी पडली की दर वेळी दुखणाऱ्या गुडघ्याकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. थंडी, अतिश्रम, अंगातील पाणी कमी होणे अशा कारणांनी या विकारात हाडासांध्यांच्या तीव्र वेदना पुन्हा पुन्हा उद्भवतात. वारंवार दुखण्याची कारणे अन्यही असू शकतात. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु वाक्यातील ‘नेहमी’ ओळखून पालकांशी बोलणे आणि मुलीस आरोग्य केंद्रात तपासणीस पाठविणे, हे शिक्षकाचे काम निश्चित आहे.

मूल आपले दुखणे प्रथम आपल्या बोलीत सांगेल, मग मराठीत सांगेल. इंग्रजीत सांगण्याचा प्रसंग कदाचित पुढे, दूरच्या शहरातील शिक्षणाच्या वा नोकरीच्या काळात, मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरासमोर येईल. त्या दिवशी ‘हर्ट्स’ म्हणावे की ‘हर्ट’, हे त्यास प्राथमिक शाळेत शिकलेले आठवले पाहिजे.

७. वर्गात पाठ कसा घ्यावा

महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जातो. तथापि कालवाचक उपवाक्यांचा हा पाठ मुलांना साधी वाक्ये लिहिता येऊ लागल्यावर, म्हणजे पाचवीच्या सुमारास, घेणे सोयीचे होईल. पाठाचे टप्पे पुढीलप्रमाणे ठेवावेत.

पहिला टप्पा बोलण्याचा. या दोन जिल्ह्यांतील वर्गांत माडिया, गोंडी, कोलामी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी आणि झाडीबोली बोलणारी मुले असतात. ‘पूर आला की वाट बंद होते’ हे घरच्या बोलीत कसे म्हणतात, असे प्रत्येकास विचारावे. मराठी हीच ज्याची दुसरी भाषा आहे, त्यास इंग्रजी नियम मराठीच्या आडून समजावणे म्हणजे त्यास दोन नद्या एकदम ओलांडावयास लावणे होय. अर्थ आधी घरच्या बोलीत पक्का व्हावा, मग तो मराठीत व इंग्रजीत यावा.

दुसरा टप्पा निवडीचा. शिक्षकाने मराठी वाक्ये वाचावीत. गोष्ट नेहमीची असेल तर मुलांनी हात वर करावा, एकदाच घडलेली असेल तर हाताची घडी घालावी. लेखनास आरंभ करण्यापूर्वी हा खेळ पुष्कळ वेळा घ्यावा.

तिसरा टप्पा वर्षाच्या चक्राचा. फळ्यावर महिन्यांची नावे लिहून मुलांकडून त्या त्या काळची कामे वदवून घ्यावीत : मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणे, मे महिन्यात तेंदूपाने तोडून पुडे बांधणे, जुलैमध्ये धानाची रोवणी, श्रावण सरताना पोळा, पुढे कापणी आणि नाटके. प्रत्येक कामावर ‘व्हेन’ने आरंभ होणारे एक वाक्य तयार करून घ्यावे. वाक्य मुलाच्या स्वतःच्या घरचे असावे. पुस्तकातील परक्या मुलाच्या सवयी पाठ करण्याने नियम पाठ होतो, परंतु अंगी बाणत नाही.

चौथा टप्पा लेखनाचा. पुढील वाक्ये इंग्रजीत लिहावयास द्यावीत. प्रत्येक वेळी आधी मराठी वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली मुलाने स्वतः रेघ ओढावी.

(१) घंटा वाजली की आम्ही रांगेत उभे राहतो.
(२) गाडी आली की आम्ही बाजारात जाऊ.
(३) वाघ दिसला तेव्हा गुराखी झाडावर चढला.
(४) पाहुणे आले की आजी मोहाच्या गोष्टी सांगत असे.
(५) आई परत येत नाही तोपर्यंत मी धाकट्या भावाला सांभाळतो.

शेवटच्या वाक्याचे उत्तर ‘आय लुक आफ्टर माय लिटल ब्रदर अंटिल मदर कम्स बॅक’ असे आहे. तेंदूच्या हंगामात किंवा रोवणीच्या दिवसांत हे वाक्य वर्गातील अनेक मुलांच्या बाबतीत अक्षरशः खरे असते. ते वाचून मूल शाळेत उशिरा का येते किंवा गैरहजर का राहते, याचाही उलगडा शिक्षकास होईल. तेव्हा वही तपासताना प्रथम वाक्यातील ‘अंटिल’ आणि ‘कम्स’ बरोबर आहेत की नाहीत ते पाहावे, आणि त्यानंतर मुलाने काय सांगितले आहे तेही वाचावे.